पोपटचा आडोसा

कासू स्टेशन मागे पडलं आणि एकदम डोक्यात लख्ख पडलं, की पोपटचं पोट बांधलेलं नाही, त्याची लघवी अडकलीय. पोपट म्हणजे आमचा बोका. हे नाव माझ्या सासूने, ठमाबाईने ठेवलेलं. तिच्याकडे आधी खरा पोपट होता, तो मेला, आणि पुढच्याच महिन्यात हे पिवळ्या पट्ट्यांचं पिल्लू मोरीच्या भोकातून घरात शिरलं, तेव्हा ती म्हणाली, "नाव हाय ना घरात, फुकट कशाला घालवायचं?" झालं. आळी हसली, तिला त्याचं काही नाही. तर सकाळी मी डबा भरत होते तेव्हा पोपट मोरीत पाठीला बाक काढून बसला होता, शेपटी वर, मागचे पाय थरथरत, आणि खाली फरशी कोरडी. उठायचा, दोन पावलं जायचा, पुन्हा बसायचा. एक आवाज काढत होता, म्याव नव्हे, घशाच्या खूप खालून येणारा. "पोट बांधलंय मेल्याचं," म्हणत सासूने एरंडेलाची बाटली काढली, मी त्याचा जबडा धरला, तिने चमचा ओतला, आणि मी हात धुऊन सवयीने पेणहून रोह्याची गाडी गाठली. खिडकीशी बसले. बसले म्हणजे माझ्या पद्धतीने, मांडीला मांडी घट्ट, पावलांची कैची, पर्स ओटीपोटावर दाबलेली. कासूहून गाडी सुटताना धक्का बसला, ओटीपोटात ती जुनी जड कळ आली, मी श्वास रोखून ती परतवली, आणि खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसलं. डोळे आत वळलेले, ओठ मिटलेले. अगं बाई, हेच तर तोंड होतं त्याचं! शौचाला बसलेल्या जनावराचं तोंड असं नसतं. जायचं असून जाता येत नाही त्याचं तोंड असं असतं, आणि ते मला ओळखता आलं नाही, तर आणखी कोणाला येणार होतं? नागोठण्याला गाडी थांबली. कंपनीत मस्टरवर सही करायला मी निघाले होते, ती तिथेच उतरले.

स्टेशनपासून एसटी स्टँडपर्यंत मी जवळजवळ पळत गेले. पेणची गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली, पण मन काही बसेना. एसटी वडखळच्या दिशेने धावत होती आणि मी रोह्याच्या त्या ऑफिसात होते. लग्न होऊन पेणला आले तेव्हाच टायपिंग येत होतं, आमच्या ह्यांच्या ओळखीने केमिकल कंपनीत लागले. ऑफिसात बाई मी एकटी. संडास एकच, हॉलच्या टोकाला, त्याचं दार अकाउंट्सच्या टेबलांसमोर. तिथपर्यंत जायचं म्हणजे सगळ्या टेबलांच्या मधून जायचं, आणि मी उठले की टेबलांवरच्या माना वर व्हायच्या. कोणी काही करत नसे, हो. नुसतं बघत. आत गेल्यावर बाहेर खाकरल्याचे आवाज येत, आणि मग माझ्याकडून काही होतच नसे. नुसती उभी राहून साखळी ओढायची आणि परत यायचं. एकदा पावसात सर्दीने बेजार होते, परत येताना एकजण सहज, अगदी सहज म्हणाला, "इंदूबाई, आज दुसऱ्यांदा?" बस्स. त्या दिवसापासून मी पाणी सोडलं. सकाळचा अर्धा कप चहा, डब्याबरोबर एक घोट, की संध्याकाळी पेण येईपर्यंत तोंड कोरडं. पुढे आणखी बायका लागल्या तेव्हा कंपनीने पलीकडे वेगळा संडास बांधला, दारावर 'लेडीज' लिहिलं आणि त्यात जुन्या टाइपरायटरची खोकी भरली. कोणी बोललं नाही. मीही नाही. शरीर मुकाट्याने शिकतं. मला मुतखडा झाला, डॉक्टर म्हणाले, बाई, पाणी प्या. मी मान डोलावली आणि प्याले नाही. एसटीच्या खिडकीतून पाऊस आत येत होता, माझा खांदा भिजत होता, आणि मी मनात म्हणत होते, पोपट, थांब रे, धर थोडा. मग आठवलं, धरून ठेव म्हणून कोणाला सांगतेय मी!

घरी पोचले तर तो खाटेखाली गेला होता. हात घालून ओढला. एरवी पोटाला हात लावला की नखं काढणारा, पण त्याने काही केलं नाही, आणि तिथे माझा धीर सुटला. पोटात मोसंबीएवढं काहीतरी टणक लागत होतं. "आत्या, चल," मी सासूला म्हटलं. तिला मी आत्या म्हणते. लग्नानंतर काही दिवस अहो-जाहो करत होते, तर एकदा तीच भडकली, "तुमी तुमी काय करतेस, मी एकटीच हाय ना, का मागे कोन उभी हाय?" तेव्हापासून अगं-तुगं. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोघी आणि पोपट. संध्याकाळी मी आळीच्या तोंडाशी आले की तो कठड्यावरून उतरून माझ्यापुढे चालत घरापर्यंत येतो, एकदाही मागे न बघता, जणू मला रस्ता माहीत नाही. कोणी म्हणेल, मांजरात एवढं काय? मी सांगते काय ते. दिवसभर कोणाच्या नजरेतून जीव वाचवत आल्यावर आपल्याकडे पाठ करून चालणारं कोणीतरी असावं लागतं. मला तो हवा होता. जिवंत हवा होता. बाजाराची पिशवी घेतली, त्यात त्याला घातला, आणि भर पावसात गुरांचा दवाखाना गाठला.

तिथे सगळी मोठी जनावरं. एक खिल्लारी बैल, दोन शेरड्या, वासरू. पिशवीतून बोक्याचं डोकं निघालं तेव्हा बैलवाला हसला. डॉक्टर म्हणजे धनेश म्हात्रे, तरुण मुलगा, हात कोपरापर्यंत भिजलेले. त्याने पोट चाचपलं आणि त्याचा चेहरा बदलला. "कधीपासून?" मी म्हटलं, सकाळपासून तर पाहिलंय. "एरंडेल दिलंत?" सासू म्हणाली, दिलं. "असू दे, त्याने मरायचा नाही. ह्याने मरेल." मग तो जरा थांबून म्हणाला, "बाई, खरं सांगतो. मुतखडा अडकलेले बैल मी खूप मोकळे केलेत. बोका कधी केला नाही. जागा सुईएवढी असते. करू?" मी म्हटलं, करा. माझा आवाज चिरकला, तेव्हा पुन्हा म्हटलं, करा. त्याने कंपाउंडरला मेडिकलमध्ये पिटाळलं, तान्ह्या बाळांना सलाईन लावायची सुई आणवली, पुढची सुई कापून टाकली आणि मागची धाग्यासारखी नळी ठेवली. गुंगीचं इंजेक्शन दिलं. पोपट माझ्या हातांत ढिला पडला. डॉक्टर वाकला, घाम पुसला, पुन्हा वाकला. नळी जाईना. मिठाच्या पाण्याची पिचकारी मारून तो हळूहळू वाट करत होता, मी त्याच्या कानशिलावरची शीर बघत होते, आणि माझे पाय आपोआप एकमेकांना घट्ट चिकटले होते. मग काहीतरी सुटलं. नळीतून लालसर धार आली, तिच्यात वाळूसारखी कचकच, मग धार फिकी होत गेली, ट्रे भरला, आणि पोपटचं पोट माझ्या तळव्याखाली मऊ पडलं. "च्यायला!" डॉक्टर म्हणाला, आणि लगेच सासूकडे बघून, "सॉरी, आजी." बैलवाला आता हसत नव्हता. तो दारात येऊन, टोपी काढून उभा होता.

नळी टाका घालून तशीच ठेवली, डॉक्टर म्हणाला, दोन दिवस राहू दे. पोपट टाका चाटून तोडेल म्हणून गळ्याभोवती पुठ्ठा हवा होता, पुठ्ठा पावसात लिबलिबीत होतो, मग मी घरी येऊन माझ्या मुतखड्याचा जुना एक्स-रे ट्रंकेतून काढला, कात्रीने गोल कापला आणि त्याची झालर करून त्याच्या गळ्यात घातली. उजेडात त्याच्या कानामागे माझ्या बरगड्या दिसायच्या. हसू की रडू कळेना. पण खरं भांडण पुढेच होतं. डॉक्टरने विचारलं होतं, खातो काय? सासू मोठ्या कौतुकाने म्हणाली होती, सुकट. त्या वर्षी अधिक आषाढ आलेला, पावसाळा लांबलेला, ताजी मासळी नाही, आणि श्रावणात तर आमच्या घरात मासळीचं भांडंसुद्धा फळीवर चढतं. पण पोपटला कसला श्रावण? त्याच्यासाठी तिने मे महिन्यातच वेगळी बेगमी केली होती, सुकट, जवळा, मांदेली, स्वतःच्या हाताने मीठ लावून, गच्चीवर वाळवून, डबा भरून. आम्ही दोघी उपासाचं खायचो तेव्हा तो मजेत कुरुकुरू सुकट खायचा, वर पाण्याला तोंड लावायचा नाही. "तेच बंद," डॉक्टर म्हणाला, "मीठ बंद, सुकं बंद, पातळ अळणी द्यायचं आणि पाणी, पाणी, पाणी." घरी आलो. आत्याने उंबऱ्यात चप्पल काढली आणि ती भडकली. "माज्या सुकटीनं झालं व्हय त्याला? मिठानं? मी मिठागरात जल्म काढला गो. पाय मिठात कुजले, हाताची कातडी गेली, पोरं त्याच्यावर वाढवली. मीठ कोनाला मारत नाय!" मी म्हटलं, तुझ्या सुकटीने नाही, पाणी न प्यायल्याने. "मग तसं बोल ना! त्या पोराला बोलता येत नाय का नीट?" असं म्हणून ती डबा घेऊन कोपऱ्यात बसली आणि बराच वेळ त्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिली. तिला काय वाटत होतं ते मला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोपटला चमच्याने पाणी पाजत बसले होते तर आत्या बाहेरून आली, पदराखाली काहीतरी लपवलेलं. निवट्या. खाडीच्या चिखलातली मासळी, अजून हलणारी. श्रावणात, आणि तेही मंगळागौरीच्या दिवशी! "कोन बघतंय का बघ," म्हणाली, आणि चुलीला नमस्कार करून, फळीवरचं भांडं उतरवून, तिने निवट्या शिजत घातल्या. सवयीने हात मिठाच्या बरणीकडे गेला. थांबला. सगळा जन्म मीठ ओढलेली बाई, तिने ती बरणी उचलून वर फडताळात, हात पोचणार नाही तिथे ठेवून दिली. "देवाला मी सांगते काय ते," म्हणाली. "एका बोक्यापुरतं त्याला पन परवडेल." निवट्यांचं पाणी पोपटने चाटलं. साधं पाणी मात्र नको. चमचा दिसला की मान फिरवायचा, एक्स-रेची झालर कडकड वाजायची. तर आत्याचं म्हणणं, "तू पी आधी. मांजरं बघून शिकतात. तू सदाची कोरडी, तो तरी कुठून शिकेल?" हा टोमणा मला बरोबर लागला. मग काय, एक चमचा त्याला, एक पेला मला. मी प्याले. तांब्या रिकामा झाला, पुन्हा भरला. पाण्याला चव असते हे मी विसरूनच गेले होते. पेणचं नळाचं पाणी, त्यात पावसाळ्यात मातीचा वास, ते घशातून खाली जाताना मला लहानपणी माहेरी, जोह्याला, विहिरीच्या काठावर ओंजळीने प्यायलेलं पाणी आठवलं. तेव्हा मी पाणी मोजत नव्हते. कोणी बघतंय का हेही पाहत नव्हते.

ऑफिसला कळवलं नव्हतं. बुधवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, मागे चार माणसं रांगेत. हैबतरावांनी फोन उचलला, ते आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट, फार सभ्य माणूस, वर्षानुवर्षं माझ्या उठण्या-बसण्यावर त्यांच्या मनगटी घड्याळाचं लक्ष. "इंदूबाई! अहो, कळवायची पद्धत असते. काय झालं काय?" मी तयारी केली होती, ताप म्हणायचं, सासू म्हणायचं. तोंडातून भलतंच गेलं. "बोक्याची लघवी अडकलीय." पलीकडून, "काय अडकलीय?" "लघवी, साहेब. लघवी." मागे रांगेत कोणाच्या तरी हातातली चिल्लर खुळखुळायची थांबली. "बाई, हे कारण मी वर कसं सांगू?" ते अगदी हळू आवाजात म्हणाले, जणू मीच काही घाण केली होती, आणि त्या हळू आवाजाने माझं टाळकं सरकलं. "जसं आहे तसं सांगा. आणि हेही सांगा, की मी ऑफिसात लागल्यापासून माझीही अडकलीय. तुमच्या त्या दारासमोरच्या टेबलांमुळे. बोक्याची तीन दिवसांत मोकळी होईल, माझं काय? तो लेडीज बांधलाय ना, त्यातली खोकी मी येईन तेव्हा निघालेली दिसायला हवीत. नाहीतर मी स्वतः काढीन आणि तुमच्या टेबलावर आणून ठेवीन." त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकूच आलं नाही. फोन ठेवला. मागे वळले तर रांगेतली एक बाई, ओळख ना देख, माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "बरं केलंत." मी फोनचे पैसे दिले आणि घराकडे चालू लागले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण ती मागून येत होती, मी पुढे होते.

त्याच दिवशी डॉक्टरने टाका तोडून नळी काढली आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "आता त्याची त्याने करायला हवी. उद्या दुपारपर्यंत झाली नाही तर घेऊन या. पण आत सूज आहे. पुन्हा नळी जाईल का, मी शब्द देत नाही." म्हणजे आता आमच्या हातात काही नव्हतं. घरी आणला. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातला मोरू घमेल्यात शाडूची कोरडी भुकटी घेऊन आला. "काकी, ह्याच्यात बसव. थेंब पडला तरी काळा डाग दिसतो, कळेल." आत्या कचरली, म्हणाली, ही देवाची माती. पण मोरू म्हणाला, "हात लागल्यावर देवाची. पोत्यात असते तवर मातीच." पोपटला घमेल्यात बसवला. तो उतरला. बसवला, उतरला. आणि मग सुरू झालं ते बघणं. मी घमेल्यासमोर पाट टाकून बसले, डोळ्याची पापणी न लववता. आत्या दुसऱ्या बाजूने. शेजारची रंभा खिडकीतून, "झाली का गो?" कारखान्यातून ब्रश हातात घेऊन कोण कोण यायचे, सोंडा रंगवता रंगवता, "काकी, झाली का?" आळीला दुसरा उद्योग नव्हता. रात्र तशीच गेली, सकाळ झाली. पोपट घमेल्यात जायचा, भुकटी उकरायचा, बसायचा, मान वर करायचा आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचा. मग उठून निघून जायचा. पोट पुन्हा भरत चाललेलं हाताला लागत होतं. गुरुवारची सकाळ चढत होती. रंभा म्हणाली, "आता नाय व्हायची, गो." मी तिच्यावर खेकसले. दारात पाचसहा माणसं, खिडकीत तिघी, सगळे चांगले, सगळे काळजीपोटी आलेले, आणि सगळ्यांच्या माना पोपटकडे.

आणि माना दिसल्या मला. टेबलांवरच्या माना. मी साखळी ओढून रिकामीच परत येताना ज्या वर व्हायच्या त्या माना, आणि आज त्यांच्यात पहिली मान माझी. कशी होईल त्याची? मला तरी झाली असती? मी ताडकन उठले. "उठा! सगळे उठा, जा आपापल्या घरी! तमाशा आहे का इथे?" मोरू म्हणाला, अगं काकी, आम्ही काळजीने... "काळजी घरी जाऊन करा! ती खिडकी लाव, रंभा!" खिडकी लागली. दार लोटलं, पण दाराच्या फटीतून, खिडकीच्या गजांतून डोळे आहेतच हे मला पाठीला कळत होतं, शिवाय पोपटला बंद खोलीची सवय नाही, तो दाराशी जाऊन ओरडायला लागला. मग आत्या उठली. दोरीवरचं तिचं जुनं हिरवं लुगडं ओढलं. "हे टोक धर," म्हणाली. "मिठागरात झाड नाय, भिंत नाय, सगळा उघडा माळ नि वर सूर्य. कोनाला जायचं झालं की आमी पाचसहा जनी गोल उभ्या ऱ्हायचो. लुगडं धरायचं. पाठी आत, तोंडं भायेर. आतल्या बाईकडं कोनी बघायचं नाय, आमीसुद्धा नाय. नि भायेरनं कोन बघायला आला, तर त्याला आमचे डोले दिसायचे." मी घमेलं ओटीवर कोपऱ्यात ठेवलं, पोपटची झालर काढली, त्याला आत सोडला, आणि आम्ही दोघी सासू-सून लुगडं पसरून, त्याच्याकडे पाठ करून, बाहेर तोंड करून उभ्या राहिलो. समोर कारखाना. सगळे हातातलं काम टाकून बघत होते. आत्याने एकेकाकडे अशी नजर लावली की एकेक मान खाली गेली. मीही लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाकडे तसं बघितलं. हैबतराव असते तर त्यांच्याकडेही बघितलं असतं. मागे भुकटी उकरल्याचा आवाज आला. थांबला. मला वळायचं होतं. मान आपोआप वळत होती. "वळू नको," आत्या दातांतून म्हणाली. "त्याची त्याला करू दे." पाऊस थांबलेला, पन्हळीतून थेंब पडत होते, प्रत्येक थेंबाला मला वाटे, हाच आवाज का, हाच का. देवा, होऊ दे. तुझ्या मातीत होऊ दे, कशातही होऊ दे, पण होऊ दे.

मग आला तो आवाज. पन्हळीचा नव्हे. कोरड्या भुकटीत शिरणारा, लांब, न तुटणारा, आधी बारीक आणि मग चांगला भरदार. संपेचना. आत्याने लुगड्याचं टोक आणखी वर उचललं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि नजर अजून समोरच्यांवर रोखलेली, कोणी बघेल तर खबरदार. उकरून झाकल्याचा आवाज आला, पोपट लुगड्याखालून बाहेर निघाला, आमच्याकडे न बघता कठड्यावर चढला आणि एक पाय वर करून अंग चाटायला बसला. घमेल्यात तळहाताएवढा काळाभोर डाग. "झाली!" आत्या ओरडली. "झाली गो बायांनो, झाली! धारेनं झाली!" रंभाची खिडकी धाडकन उघडली. कारखान्यात कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि सगळ्यांनी "मोरया" केला, रंगाचे डबे ठोकले, पोरं नाचायला लागली. आत्याला मी मिठी मारली, तिच्या अंगाला अजून निवट्यांचा वास येत होता, दोघी हसत होतो, रडत होतो, आळी बघत होती तर बघू दे.

आणि हसता हसता मला ती कळ आली. सकाळपासून पोपटबरोबर तांब्याने पाणी प्याले होते, ते सगळं एकदम. माझे पाय जुन्या सवयीने एकमेकांना चिकटले. आमच्या आळीचा संडास कारखान्याच्या पलीकडे. तिथे जायचं तर सगळ्या माणसांच्या मधून जायचं. म्हणून मी उजाडण्याआधी जाते आणि अंधार पडल्यावर जाते, मधला दिवस माझा नाही. मी पाय सोडवले. मोरीतून बादली भरून घेतली आणि भर दुपारी, पदर खोचून, ओटीच्या पायऱ्या उतरले. मोरया करणारी तोंडं समोर होती. बादली हिंदकळत होती, पाणी पायांवर सांडत होतं. मोरू हसतच पुढे आला, "काकी, आता कुठे निघालीस बादली घेऊन?"

"मुतायला," मी म्हटलं.

कोणी खाकरलं नाही. मोरूने वाटेतली अर्धी रंगवलेली मूर्ती उचलून बाजूला घेतली, मी मधून गेले आणि परत येईपर्यंत वाट तशीच मोकळी होती.